मानसशास्त्र प्रशिक्षण चिकित्सालय : विद्यार्थी, पर्यवेक्षक आणि आपण

(देणगीदार व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



दरवर्षी या मेळाव्यात आपल्यापुढे जमाखर्चाचा लेखाजोखा मांडण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा अध्यक्षांनी निराळी आज्ञा केली. आपल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी येतात. त्यांच्याविषयी काही देणगीदारांनी आणि अनेक कुटुंबीयांनी प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरे या व्यासपीठावरून द्यावीत, असे त्यांनी सुचविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मनाच्या आजारांची मीमांसा हा माझा प्रांत नव्हे. परंतु विचारले गेलेले प्रश्न जबाबदारीचे, विश्वासाचे आणि पैशाचे आहेत, आणि या तिन्हींचे उत्तर देणे हे प्रशासकाचे कर्तव्यच आहे.

प्रश्न मुख्यतः तीन आहेत. पहिला कुटुंबीयांचा : "आमच्या माणसाला शिकाऊ मुले तपासणार काय?" दुसरा हिशेब जाणणाऱ्या देणगीदारांचा : "विद्यार्थ्यांना पगार नाही, मग या विभागाचा खर्च वाढतो कसा?" आणि तिसरा एका ज्येष्ठ विश्वस्तांचा : "ही मुले येथे शिकतात आणि निघून जातात, संस्थेच्या पदरात काय पडते?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यापूर्वी ही पद्धत आली कोठून, हे थोडक्यात सांगतो.

१८९६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, लाइटनर विट्मर या प्राध्यापकांनी जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. त्यांच्या वर्गात अध्ययनासाठी येणाऱ्या एका शाळाशिक्षिकेने चौदा वर्षांच्या एका मुलाची अडचण त्यांच्यापुढे ठेवली. मुलाला शुद्धलेखन काही केल्या जमत नव्हते. विट्मर यांनी तपासणी केली तेव्हा त्याच्या दृष्टीतही दोष आढळला. चष्मा दिला गेला आणि मग त्याच्या शिकवणीचा क्रम ठरला. आज ज्याला आपण चिकित्सालयीन मानसशास्त्र म्हणतो, त्याचा आरंभ असा एका विद्यार्थिनीने आणलेल्या प्रश्नातून झाला. शिकणे आणि उपचार करणे ही दोन कामे या शास्त्रात जन्मापासूनच एका छताखाली नांदत आली आहेत.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेला अधिक जवळचे वाटावे. १९२० साली बर्लिन येथे मनोविश्लेषणाचे एक चिकित्सालय सुरू झाले. त्याचा आर्थिक भार मॅक्स आयटिंगन या डॉक्टरांनी आपल्या घरच्या संपत्तीतून उचलला; त्यांच्या कुटुंबाचा केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार होता. ज्यांना परवडत नसे त्यांच्यावर तेथे विनामूल्य उपचार होत. नवशिके उपचारक रुग्णांना भेटत आणि आपले प्रत्येक काम अनुभवी व्यक्तीपुढे मांडत. सिद्धान्ताचा अभ्यास, स्वतःच्या मनाचे परीक्षण आणि देखरेखीखाली केलेले उपचार, ही प्रशिक्षणाची तीन अंगे तेथे पक्की झाली आणि पुढे जगभर स्वीकारली गेली. दात्याचे धन, गरिबाचा उपचार आणि नवशिक्याचे शिक्षण यांची गाठ तेथे पडली.

महाराष्ट्रालाही ही परंपरा नवी नाही. मुंबईत १९३६ साली टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले; तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले. या विद्यालयाने १९३७ साली बाल मार्गदर्शन चिकित्सालय उघडले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले चिकित्सालय मानले जाते. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसाणी यांच्या पुढाकाराने मनोविकारांचा विभाग सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि तेथे वैद्यकीय मानसशास्त्राचे पदविका शिक्षण सुरू झाले. १९७४ साली तिचे रूपांतर आज 'निम्हान्स' या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या संस्थेत झाले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक स्थान मिळाले आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी तिच्याकडे आली. या नोंदणीचा मुख्य मार्ग आजवर दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम हा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद केली आणि या विषयास २०२५-२६ या वर्षापर्यंत मुदतवाढ दिली. अभ्यासक्रमाचे नाव काहीही होवो, देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसमवेत केलेले काम हाच त्याचा कणा राहणार, याविषयी मतभेद नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. होय, आपल्या विभागात काही रुग्णांशी विद्यार्थी बोलतात. परंतु उपचार विद्यार्थ्याच्या हाती सोपविलेला नसतो. माझ्या क्षेत्रातील उदाहरण देतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात आर्टिकलशिपची मुले व्हाउचर तपासतात, खातेवह्या ताडून पाहतात, तेरीज जुळवितात. ताळेबंदावर सही मात्र सनदी लेखापालाची असते, आणि सही त्याची म्हणून जबाबदारीही त्याचीच. आपल्या चिकित्सालयात हेच तत्त्व आहे. विद्यार्थी रुग्णाची पूर्वपीठिका लिहून घेतो, चाचणी घेतो, ठरलेल्या दिवशी पाऊण तासाचे सत्र घेतो. परंतु त्याचे प्रत्येक टिपण नोंदणीकृत पर्यवेक्षकांच्या नजरेखालून जाते आणि त्यांच्या सहीशिवाय एकही अहवाल या इमारतीबाहेर पडत नाही.

तरीही येथे एक फरक आहे आणि तो मी लपविणार नाही. व्हाउचर पुन्हा काढून पाहता येते. मिटल्या दारामागे झालेले संभाषण पुन्हा काढून पाहता येत नाही. विद्यार्थी जे सांगेल त्यावर पर्यवेक्षकाने विसंबावे लागते, आणि माणूस स्वतःच्या चुका विसरून सांगतो. ही अडचण जगभर जाणवली. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनाची सत्रे ध्वनिमुद्रित करून त्यांवरून विद्यार्थ्यांना शिकविण्यास आरंभ केला. १९४२ साली त्यांनी एका संपूर्ण उपचाराचे शब्दशः टिपण आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले. तेव्हापासून ध्वनिमुद्रण, एका बाजूने दिसणारी काच, पर्यवेक्षकाने सत्रात समक्ष बसणे, असे नाना उपाय रूढ झाले. आपल्याकडे पर्यवेक्षक आरंभीच्या सत्रांत समक्ष बसतात, आणि पुढे रुग्णाच्या लेखी संमतीनेच ध्वनिमुद्रण होते. संमती नाकारल्याने उपचारात काडीचाही फरक पडत नाही.

या पर्यवेक्षणाच्या तासात नेमके काय घडते, हे मला विभागातील पर्यवेक्षकांनी समजावून सांगितले. रुग्णाची ओळख कोठेही न देता त्याचा मासला आपणापुढे ठेवतो. समजा, एक गृहिणी म्हणते, "काळजात लक्कन होतं, आणि दिवस उतरला की घर खायला उठतं." विद्यार्थ्याचे शिक्षण इंग्रजी पुस्तकांतून झालेले असते, तो कागदावर लिहितो, 'चिंताविकाराची लक्षणे'. पर्यवेक्षक विचारतात, "बाईंचे शब्द कोणते होते? 'दिवस उतरला की' असे त्या म्हणाल्या ना? मग दिवस उतरल्यावर घरी कोण येते, हे तू विचारलेस काय?" विद्यार्थ्याने विचारलेले नसते. पुढच्या सत्रात तो विचारतो, आणि दारू पिऊन घरी येणाऱ्या माणसाची धास्ती प्रथमच बोलली जाते. आजाराचे नाव कदाचित तेच राहील, पण करावयाचे काम पार बदलते. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवणे ही शिस्त अशा तासातून अंगी बाणते. वऱ्हाडातली 'घाबराघुबरी' आणि कोकणातली 'काळीज धडधडणे' एकाच इंग्रजी शब्दात कोंबले की माणूस हातचा निसटतो, असे आमच्या पर्यवेक्षक म्हणतात.

नवशिक्यांचे दोषही ठरलेले असतात. सल्ला देण्याची घाई, शांततेची भीती, रुग्ण रडू लागला की लगेच पाण्याचा पेला पुढे करून विषय बदलणे, आणि "सगळे ठीक होईल" असे वचन देणे. यांपैकी कोणताही दोष दुष्टाव्याचा नाही. बहुतेक दोष चांगुलपणाचेच आहेत. म्हणूनच ते स्वतःला दिसत नाहीत आणि दाखवून देण्यास दुसरे माणूस लागते. सर्वांत अवघड शिकवण आत्महत्येच्या विचारांविषयी आहे. "जगणे नको असे वाटते का?" हे थेट विचारण्यास विद्यार्थी कचरतो, विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात येईल, असे त्याला वाटते. वस्तुतः विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट दडपलेल्या माणसाला बोलण्याची वाट मिळते. परंतु उत्तर 'होय' असे आले, तर त्या क्षणी विद्यार्थ्याला एकटे ठेवून चालत नाही. पर्यवेक्षक त्याच इमारतीत, त्याच वेळी उपलब्ध असावे लागतात.

म्हणून आपला एक नियम आहे : पर्यवेक्षक हजर नसतील त्या दिवशी विद्यार्थ्यांची सत्रे होणार नाहीत. या नियमामुळे पर्यवेक्षकांच्या रजेच्या काळात लांबून एस.टी.ने आलेल्या काही कुटुंबांना परत जावे लागले, आणि त्यांच्या तक्रारी माझ्या टेबलावर आल्या. त्या तक्रारी न्याय्य आहेत. एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला परत पाठविणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तिचा उपाय नियम सैल करणे हा नाही. तो काय आहे, ते शेवटी सांगतो.

चाचण्यांविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण मुलांना घेऊन येणारे अनेक पालक आज येथे बसले आहेत. बुद्धिमापनाच्या चाचण्या आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेत याव्यात, यासाठी आपल्याच भागातील मंडळींनी फार कष्ट घेतले. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले. नागपूर येथे आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली चाचणी पुढे देशभर वापरली गेली. परंतु चाचणी कितीही चांगली असली तरी ती घेणारा माणूस कच्चा असेल तर आकडा खोटा निघतो. पहाटे निघून उपाशीपोटी आलेले मूल, घरी एक बोली आणि प्रश्न दुसऱ्याच भाषेत, शेजारी बसून उत्तर सुचविणारी आजी, यांपैकी प्रत्येक गोष्ट आकडा वरखाली करते. आणि तो आकडा पुढे शाळेत जातो, परीक्षा मंडळापुढे जातो, अपंगत्वाचे प्रमाणपत्र देणाऱ्या शासकीय मंडळापुढे जातो. लेखापरीक्षणात चुकीची रक्कम पुढील वर्षी दुरुस्त करता येते. मुलाच्या कपाळी बसलेला शिक्का पुसणे त्याहून कितीतरी कठीण. म्हणून शंका आली की पर्यवेक्षक चाचणी पुन्हा घेतात. पालकांना आणखी एक फेरी पडते. हा खोळंबा नव्हे, ती काळजी आहे, हे आपण ध्यानी घ्यावे.

आता दुसरा प्रश्न, खर्चाचा. धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने काही बंधने आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. खाट मोजता येते, औषधाची बाटली मोजता येते, क्ष-किरणाची फिल्म मोजता येते. बोलण्याच्या तासाला मात्र आपल्या वह्यांत धड रकानाच नाही. त्यातही विद्यार्थ्याचा तास निदान रुग्णाच्या केसपेपरवर दिसतो. पर्यवेक्षकाचा तास कोठेच दिसत नाही.

एक कल्पित हिशेब मांडतो. समजा चार विद्यार्थी आहेत आणि प्रत्येक जण आठवड्यास पाच सत्रे घेतो. सत्रे झाली वीस. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी पर्यवेक्षकांचा एक स्वतंत्र तास आणि सर्वांसाठी मिळून दोन तास, असे सहा तास लागले. तेवढ्या वेळात पर्यवेक्षकांनी स्वतः रुग्ण पाहिले असते तर सहाच्या आसपास सत्रे झाली असती. सहाच्या जागी वीस, म्हणजे व्यवहार फायद्याचा, असे कोणीही म्हणेल. आणि मग लगेच पुढचा विचार सुचतो : विद्यार्थी चारांऐवजी बारा घ्यावेत! येथेच थांबावयास हवे. बारा विद्यार्थ्यांना तेच सहा तास वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास अर्धा तास येतो. पाच रुग्णांविषयी अर्धा तास, म्हणजे एका रुग्णामागे सहा मिनिटे. सहा मिनिटांत 'दिवस उतरला की' हे शब्द कोणाच्याही ध्यानात येणार नाहीत. कागदावर सत्रांची संख्या तिपटीने वाढेल, अहवालात आलेख चढता दिसेल, आणि उपचार मात्र नावापुरता उरेल. पर्यवेक्षणाविना विद्यार्थी स्वस्त पडत नाही. त्याची किंमत रुग्ण मोजतो.

तिसरा प्रश्न, मुले निघून जातात याचा. होय, जातात, आणि जावीतच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले. त्यात असे आढळले की निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण केरळात दर लाख लोकसंख्येमागे १.२, तर मध्य प्रदेशात अवघे ०.०५ होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक नागरिकास उपचाराचा हक्क दिला. २०२२ साली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. हक्क मिळाला, क्रमांक मिळाला. परंतु पलीकडे ऐकणारे शिकलेले माणूस हवे, आणि ते कारखान्यात तयार होत नाही. आपल्याकडे शिकलेली मुलगी उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी बसून कोणाची व्यथा नीट ऐकणार असेल, तर ती आपल्या संस्थेची ठेव आहे. फक्त तिचे व्याज आपल्या खात्यात जमा होत नाही, इतकेच.

जाण्याची एक बाजू मात्र रुग्णांना जाचते, तीही सांगितली पाहिजे. ज्याच्यापाशी सहा महिने मन मोकळे केले तो विद्यार्थी परीक्षा संपताच निघून जातो, हे दुःख खरे आहे. म्हणून जाण्याची तारीख पहिल्या भेटीतच सांगितली जाते, अखेरची काही सत्रे निरोपासाठी राखली जातात, आणि पुढील व्यक्तीशी ओळख पर्यवेक्षक स्वतः करून देतात. विद्यार्थी बदलतो, पर्यवेक्षक तेच राहतात; रुग्णाचा धागा त्यांच्या हाती असतो.

देणगीदारांच्या आणखी एका अपेक्षेविषयी बोलतो. नेत्र विभागाच्या पानांवर डोळ्यांची पट्टी सुटलेल्या आजोबांचे छायाचित्र असते. या विभागाच्या पानांवर एकही चेहरा नाही, अशी विचारणा झाली. ते जाणीवपूर्वक आहे. उपरोक्त कायद्याने मानसिक उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती गोपनीय राखण्याचे बंधन घातले आहे, आणि तिच्या संमतीविना तिचे छायाचित्र वा माहिती माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. आम्ही त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन संमतीही मागत नाही. कारण विनामूल्य उपचार घेणाऱ्या माणसाला नकार देणे जड जाते. आपल्या देणगीने काय साधले, त्याचा पुरावा येथे छायाचित्राच्या रूपाने मिळणार नाही. हीच गोष्ट मी कुटुंबीयांनाही विनम्रपणे सांगतो. "आत काय बोलला?" हे आपण विद्यार्थ्याला विचारू नये. जिवाला धोका असेल, किंवा आपल्या मदतीची गरज असेल, तेव्हा पर्यवेक्षक स्वतः आपल्याशी बोलतील.

आता समारोपाकडे येतो. विद्यापीठाने पुढील वर्षापासून अधिक विद्यार्थी पाठविण्याची तयारी दर्शविली आहे. माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे की दुसऱ्या पूर्णवेळ, नोंदणीकृत पर्यवेक्षकांची नेमणूक झाल्याखेरीज ही संख्या एकानेही वाढवू नये. आणि देणगीदारांना माझे आवाहन आहे की या पदाच्या वेतनासाठी कायम निधी उभारावा. त्याचे मुद्दल अबाधित राहील आणि केवळ व्याजातून वेतन दिले जाईल. एक पर्यवेक्षक रजेवर असतील तेव्हा दुसरे हजर असतील, आणि एस.टी.ने आलेले कोणी परत जाणार नाही. याखेरीज नीट मिटणाऱ्या दारांच्या, आवाज बाहेर न जाणाऱ्या दोन खोल्या हव्या आहेत. सध्या एका खोलीत केवळ पडदा आहे, आणि पडद्याआड कोणी मनातले बोलत नाही. या देणगीतून यंत्र येणार नाही, फीत कापण्याचा समारंभ होणार नाही. निधीस दात्याचे वा त्यांच्या दिवंगत आप्ताचे नाव जरूर देता येईल. खोलीच्या भिंतीवर मात्र पाटी लावू नये, अशी पर्यवेक्षकांची सूचना आहे आणि मला ती पटते.

कुटुंबीयांना शेवटचे एवढेच सांगतो. विद्यार्थ्याकडून उपचार घेण्यास नकार देण्याचा आपला अधिकार पूर्ण आहे. त्यासाठी कारण देण्याची गरज नाही आणि त्याने आपली पाळी मागे जाणार नाही. पर्यवेक्षकांना भेटावयाचे असल्यास नोंदणी खिडकीवर तसे सांगावे. आणि होकार दिलात, तर आपण केवळ उपचार घेत नाही, एका नव्या माणसाला ऐकावयास शिकवीत आहात, याचीही जाण असू द्यावी. त्या शिकवणीबद्दल संस्था आपली ऋणी आहे.